ज्यांनी मतच दिलं नाही त्यांच्या वतीने सौदा कोणी करायचा?

सेनेगलचा नवा आंतरराष्ट्रीय विमानतळ डकार शहरापासून चांगला लांब, दियास गावाजवळ आहे. डिसेंबर २०१७ मध्ये सुरू झाला आणि त्याला नाव दिलंय ब्लेझ दियानचं. डकारमध्ये याच नावाचा मोठा रस्ता आहे, याच नावाची शाळा आहे. आणि याच माणसाला तो जिवंत असताना काळ्या लोकांनीच दलाल म्हटलं होतं, तोंडी नाही, छापून, पॅरिसमध्ये, आणि त्यावरून कोर्टात केस उभी राहिली होती. मी गेले काही महिने जमेल तसं त्याच्याबद्दल वाचतोय आणि सारखं वाटतंय की हीरो की गद्दार या वादात खरा प्रश्न बाजूलाच राहून जातो.

आधी माणूस कोण ते सांगतो. १३ ऑक्टोबर १८७२ ला डकारसमोरच्या गोरे नावाच्या छोट्याशा बेटावर जन्म. बेट एवढंसं की या टोकापासून त्या टोकापर्यंत एक किलोमीटरही भरत नाही. वडील स्वयंपाकी. तिथल्या क्रेस्पँ नावाच्या मिश्रवंशीय, बऱ्यापैकी सुस्थितीतल्या घराने त्याला वाढवलं, ब्लेझ हे नाव त्याच घरातलं. शाळेत हुशार, काही काळ फ्रान्समध्येही शिकला, मग फ्रेंच कस्टम खात्यात नोकरी लागली आणि पुढची वीसेक वर्षं दाहोमे, काँगो, रियुनियन, मादागास्कर, फ्रेंच गयाना अशी बदल्यांमध्ये गेली. काळा माणूस सरकारी युनिफॉर्ममध्ये आणि वर बरोबरीने बोलतो, त्यामुळे वरिष्ठांशी वाजायचंच. १९१४ मध्ये तो सेनेगलला परत आला, निवडणुकीला उभा राहिला आणि १० मे १९१४ ला दुसऱ्या फेरीत थोडक्या मतांनी निवडून आला. आफ्रिकेतून फ्रेंच संसदेत गेलेला पहिला काळा आफ्रिकन खासदार.

आता ही निवडणूक नेमकी कोणाची होती हे नीट बघायला पाहिजे, कारण माझं पुढचं सगळं म्हणणं त्यावरच उभं आहे. सेनेगल तेव्हा फ्रान्सची वसाहत होती आणि तिथे चार गावं होती, सें-लुई, गोरे, रुफिस्क आणि डकार. या चार गावांना फ्रान्समधल्या नगरपालिकांसारखा दर्जा होता आणि तिथे जन्मलेल्यांना, मग ते काळे असोत की मुसलमान असोत, मत देता यायचं. पॅरिसला एक खासदार पाठवता यायचा, ही सोय १८४८ पासूनची, मधली काही वर्षं बंद पडून पुन्हा सुरू झालेली. पण निवडून यायचे ते फ्रेंच व्यापाऱ्यांचे किंवा मिश्रवंशीय घराण्यांचे लोक, मतं काळ्यांची आणि खुर्ची दुसऱ्यांची. दियानच्या आधी बारा वर्षं फ्रांस्वा कार्पो नावाचे वकील खासदार होते, तेही मिश्रवंशीय. आणि या चार गावांची वेस ओलांडली की सगळं बदलायचं. बाहेरचे, म्हणजे पूर्ण फ्रेंच पश्चिम आफ्रिकेतले, कोटभर लोक नागरिक नव्हते, 'प्रजा' होते. त्यांच्यासाठी वेगळी नियमावली होती, साहेबाने मनात आणलं तर कोर्टकचेरी न करता तुरुंगात टाकायचं, दंड करायचा, रस्ता बांधायला सक्तीने न्यायचं. म्हणजे डकारला जन्मलेला कोळी मतदार, आणि थोडं आत गेलं की तीच भाषा बोलणारा, तोच नमाज पढणारा शेतकरी कोणीच नाही.

दियानला निवडून दिलं ते वेशीच्या आतल्यांनी, काही हजार मतदारांनी. त्यांचं दुखणं खरं होतं. कितीतरी वर्षं प्रशासन त्यांचे हक्क कुरतडत होतं, तुम्ही मत देता म्हणून नागरिक होत नाही असं कोर्टातून ऐकवलं जात होतं, डकारच्या लेबू लोकांच्या जमिनींचा वाद पेटलेला होता. त्याच वर्षी डकारला प्लेग आला आणि सरकारने काळ्यांच्या झोपड्या जाळून त्यांना शहराबाहेर मेदिना नावाच्या नव्या वस्तीत हलवायला घेतलं. पुण्याच्या १८९७ च्या प्लेगच्या गोष्टी ज्यांनी घरात ऐकल्यात त्यांना हे वेगळं समजावून सांगायला नको.

मग महायुद्ध सुरू झालं आणि दियानने पहिला सौदा केला. फ्रान्सला सैनिक हवे होते. दियान संसदेत म्हणाला की माझ्या चार गावांचे लोक लढतील, पण वसाहतीच्या काळ्या पलटणींमध्ये नाही, फ्रेंच माणूस ज्या सैन्यात जातो त्याच सैन्यात, त्याच नियमांनी. ऑक्टोबर १९१५ मध्ये तसा कायदा झाला. आणि २९ सप्टेंबर १९१६ ला दुसरा कायदा, ज्याला आजही त्याच्याच नावाने ओळखतात. हा कायदा जेमतेम एका वाक्याचा आहे. त्याचा आशय असा की सेनेगलच्या या नगरपालिकांमध्ये जन्मलेले लोक आणि त्यांचे वंशज फ्रेंच नागरिक आहेत आणि राहतील, आणि १९१५ च्या कायद्याची लष्करी जबाबदारी त्यांच्यावर असेल.

'आहेत आणि राहतील.' मी हे शब्द पुन्हापुन्हा वाचले. 'होतील' असं नाही म्हटलंय. आम्ही तुम्हाला देतोय असं नाही, तुम्ही आधीपासूनच होता, आम्ही फक्त मान्य करतोय. आणि त्यातही मोठी गोष्ट म्हणजे मुसलमानांना लग्न, वारसा वगैरेचा आपला धर्माचा कायदा सोडावा लागला नाही. त्याच काळात अल्जीरियातल्या मुसलमानाला नागरिक व्हायचं असेल तर तो आधी सोडावा लागायचा. इथे एका माणसाने, सहाशेच्या सभागृहात एकट्या काळ्या आफ्रिकन माणसाने, जगातल्या एका बलाढ्य सत्तेकडून हे लिहून घेतलं. या सौद्याबद्दल मला त्याच्याविषयी मनापासून आदर आहे. रक्त ज्यांचं जाणार होतं, हक्क त्यांनाच मिळणार होते, त्यांनीच त्याला पाठवलं होतं, आणि नाही पटलं तर पुढच्या निवडणुकीत तेच त्याला घरी बसवू शकत होते. देणारा, घेणारा आणि जाब विचारणारा, तिन्ही एकच लोक.

१९१८ चा सौदा मात्र तसा नव्हता.

मधल्या काळात काय काय झालं ते लक्षात घ्या. १९१५-१६ मध्ये सक्तीच्या भरतीविरुद्ध आजच्या बुर्किना फासो आणि मालीच्या भागात मोठा उठाव झाला, फ्रेंचांनी तोफा लावून गावंच्या गावं बेचिराख केली. एप्रिल १९१७ मध्ये जनरल निव्हेलच्या चढाईत, फ्रान्समधल्या शमँ दे दामच्या टेकाडावर, पश्चिम आफ्रिकेतल्या पलटणी पुढे घातल्या गेल्या. एप्रिल असला तरी बर्फ पडत होतं, गारठलेल्या पोरांना बंदूक धड धरता येत नव्हती आणि समोर मशीनगन होत्या. हजारो मेले. दियानने जूनमध्ये संसदेच्या गुप्त बैठकीत उभं राहून यावर सेनापतींना धारेवर धरलं, कत्तल झाली हे सगळ्यांसमोर सांगितलं. म्हणजे याला माहीत होतं. कोणी लपवून ठेवलेलं नव्हतं, तो स्वतःच सांगणारा होता.

आणि सात महिन्यांनी, जानेवारी १९१८ मध्ये, पंतप्रधान क्लेमांसोने विचारलं की आणखी माणसं आणून देशील का, तर तो हो म्हणाला. त्याला गव्हर्नर जनरलच्या बरोबरीचा दर्जा दिला गेला, जो तेव्हाच्या गव्हर्नर जनरलला, फान फोलेनहोवेनला, सहन झाला नाही. या माणसाचं आधीपासूनच म्हणणं होतं की या भागातून आता आणखी माणसं काढू नका, काढाल तर पुन्हा बंड होईल. त्याने राजीनामा दिला, स्वतः आघाडीवर गेला आणि जुलैमध्ये मारला गेला.

दियान फेब्रुवारीत डकारला उतरला तो पदकं लावलेले काळे अधिकारी बरोबर घेऊन. डोळ्यांसमोर आणून बघा. काळा माणूस बोटीतून उतरतोय, आणि ज्या साहेबांसमोर गावकऱ्यांनी जन्मभर मान खाली घातली ते साहेब टोपी काढून त्याला मान देतायत. असं दृश्य पश्चिम आफ्रिकेत कोणी पाहिलेलं नव्हतं. तो गावोगाव फिरला, आत मालीपर्यंत गेला, गावप्रमुखांशी बोलला, लढून आलात तर करमाफी, नोकऱ्या, पदक मिळालं तर नागरिकत्व, तुमच्या पोरांसाठी डकारला मेडिकल शाळा. सरकारने चाळीस हजारांचा आकडा ठरवला होता, दियानने एकट्या पश्चिम आफ्रिकेतून साठ हजारांच्या वर माणसं उभी केली, मध्य आफ्रिकेतली धरली तर पाऊण लाखाच्या पुढे. मोठं बंड झालं नाही. याबद्दल देऊ केलेला लेजियन ऑफ ऑनर, फ्रान्सचा सर्वोच्च सन्मान, त्याने नाकारला.

ही साठ हजार माणसं कोण होती? यातल्या जवळजवळ कोणालाच मत नव्हतं. दियानला त्यांनी निवडलेलं नव्हतं आणि त्यांना त्याला काढताही येणार नव्हतं. त्याच्याही खाली अजून एक पायरी होती. गावप्रमुखाला आकडा दिला की तो स्वतःचा मुलगा क्वचितच पाठवायचा, जायची ती पडत्या घरातली, पूर्वी गुलामगिरीत असलेल्या कुटुंबांतली पोरं. म्हणजे खासदार बोलला प्रमुखाशी, प्रमुखाने बोट दाखवलं ज्याला गावातही आवाज नव्हता त्याच्याकडे. चार गावांच्या प्रतिनिधीने पूर्ण खंडाचा प्रतिनिधी असल्यासारखा सौदा केला, आणि माझी सगळी तक्रार इथेच आहे. आपण ज्यांचे प्रतिनिधी आहोत त्यांच्या नावाने बोलावं, ज्यांचे नाही त्यांच्यासाठीही जरूर भांडावं, हजारदा भांडावं, पण त्यांच्या जिवावर वायदा करू नये. दुसऱ्यासाठी मागणं वेगळं आणि दुसऱ्याच्या वतीने देणं वेगळं.

यावर दियानच्या बाजूने जे बोललं जातं ते मला कळतं, आणि ते हलकं नाही. एक म्हणजे, भरती होणारच होती. दियान नसता गेला तर १९१५ सारखी दोरखंडाने बांधून झाली असती, निदान याने बोलून, मान देऊन, बदल्यात काहीतरी कबूल करून घेतलं. दुसरं, त्याला मनापासून वाटत होतं की चार गावांना जे मिळालं तेच हळूहळू सगळ्यांना मिळेल, रणांगणावर एकत्र मेलेल्यांना समान हक्क नाकारणं फ्रान्सला जमणार नाही. हे वाटणं खोटं होतं असं मला अजिबात म्हणायचं नाही. मेडिकल शाळा खरोखर १९१८ मध्ये डकारला सुरू झाली आणि त्या शाळेतून पुढे आफ्रिकन डॉक्टरांची, नेत्यांची एक पिढी निघाली, त्यावर खाली येतोच.

पण मग माझा प्रश्न असा की हाच माणूस १९१६ मध्ये 'आहेत आणि राहतील' असा कायदा संसदेकडून पास करून घेतो, मग १९१८ मध्ये, फ्रान्स गुडघ्यावर आलेला असताना, क्लेमांसोला माणसांची इतकी निकड असताना, म्हणजे हातात पूर्वीपेक्षा कितीतरी मोठा पत्ता असताना, आधी कायदा आणि मग माणसं असं का नाही म्हणाला? कायद्याऐवजी सरकारी आदेश निघाले, आणि त्यांतल्या अटी अशा की नागरिकत्व मिळालं ते अगदी थोड्यांना. युद्ध संपलं, पोरं घरी आली, ज्यांना यायचं नशीब होतं ती. सक्तीचं काम तसंच, नियमावली बहुतेकांसाठी तशीच. पूर्ण युद्धात पश्चिम आफ्रिकेच्या या पलटणींतले सुमारे तीस हजार मेले असं मानतात. आपल्या मतदारांसाठी त्याने आधी लिहून घेतलं, परक्यांसाठी आश्वासनावर भागवलं. यात कपट होतं असं मला नाही वाटत, माणूस ज्यांना जबाबदार असतो त्यांच्याबाबतीत आपोआप सावध असतो, ज्यांना जबाबदार नसतो त्यांच्याबाबतीत विश्वासावर भागवतो, एवढं साधं आहे ते, आणि म्हणूनच नियम पाहिजे, माणूस चांगला असून पुरत नाही.

हा प्रश्न तेव्हा आपल्याकडेही होता, त्याच वर्षी, त्याच युद्धात. जून १९१८ मध्ये मुंबईच्या युद्ध परिषदेत टिळक हेच म्हणायला उठले होते की देशाच्या रक्षणाला माणूस तेव्हा मनापासून उभा राहतो जेव्हा देशाच्या कारभारात त्याचा हक्क असतो, गव्हर्नर विलिंग्डनने त्यांना मध्येच थांबवलं आणि ते उठून निघून गेले. त्याच सुमारास गांधीजी खेडा जिल्ह्यात गावोगाव भरतीसाठी फिरत होते, म्हणजे दोन्ही बाजूंना मोठी माणसं होती. आणि ज्यांनी माणसं दिली त्यांचं काय झालं? १९१७ मध्ये महारांची १११ नंबरची पलटण उभी केली आणि १९२१ मध्ये गरज सरल्यावर मोडून टाकली. पुढे बाबासाहेब जे आयुष्यभर सांगत राहिले, की आमचा माणूस आमच्या मतांनी निवडून आला पाहिजे, नाहीतर तो चेहऱ्याने आमचा असेल पण उत्तर दुसऱ्यांना देईल, ते मला दियान वाचताना पहिल्यांदा इतकं स्पष्ट कळलं. दियान काळा होता, आफ्रिकन होता, तरी मालीच्या शेतकऱ्याचा प्रतिनिधी नव्हता. रंगाने प्रतिनिधित्व होत नाही, मताने होतं.

पुढची कथा लांब आहे, भरभर सांगतो. १९१९ मध्ये पॅरिसला जगभरच्या काळ्या लोकांच्या हक्कांसाठी पॅन-आफ्रिकन काँग्रेस भरली, अमेरिकेहून तिथल्या काळ्यांचे नेते डु बॉइस आले, दियान अध्यक्ष. दोन वर्षांनी दोघांचं फाटलं, कारण वसाहतवादावरची जी टीका डु बॉइसना अगदी साधी वाटत होती ती दियानला फ्रान्सशी बेइमानी वाटली. १९२३ मध्ये त्याने बोर्दोच्या व्यापारी कंपन्यांशी समझोता केला, त्या १९१४ मध्ये त्याच्या विरोधात होत्या. १९२४ मध्ये रने मारां या लेखकाने, ज्यांना तीन वर्षांपूर्वी गाँकूर हे फ्रान्सचं मोठं साहित्य पारितोषिक मिळालं होतं, एका नियतकालिकात लिहिलं की प्रत्येक भरतीमागे दियानला कमिशन मिळालं. दियानने बदनामीचा खटला भरला आणि जिंकला. कमिशनचा आरोप सिद्ध झाला नाही आणि मीही तो करत नाही. पण त्या खटल्यात बचाव पक्षाकडून साक्ष द्यायला उभा राहिला लामीन सेंगोर, युद्धात विषारी वायूने फुप्फुसं गेलेला सैनिक, जो त्यानंतर तीन वर्षांनी वारला. मला वाटतं त्या कोर्टात खरा मुद्दा पैशाचा नव्हताच. ज्यांना मतपेटी नव्हती त्यांना खासदाराला जाब विचारायला दुसरी जागाच नव्हती, म्हणून ते साक्षीदाराच्या पिंजऱ्यातून विचारत होते.

आणि १९३०. जिनिव्हाला आंतरराष्ट्रीय कामगार परिषदेत सक्तीच्या मजुरीविरुद्ध करार व्हायचा होता आणि फ्रान्सच्या वतीने बोलायला दियान गेला. त्याने वसाहतींतल्या सक्तीच्या मजुरीची बाजू मांडली. हे वाचलं तेव्हा मी पुस्तक मिटून ठेवलं होतं. त्याच्या मतदारांना सक्तीची मजुरी कधीच नव्हती, ते नागरिक होते ना. ती फक्त वेशीबाहेरच्यांना होती. १९३१ मध्ये तो वसाहत खात्याचा उपमंत्री झाला, फ्रेंच सरकारात गेलेला पहिला काळा आफ्रिकन, आणि ११ मे १९३४ ला वारला तेव्हाही खासदार होता. वीस वर्षं एकही निवडणूक हरला नाही. हरवू शकणारे मूठभर, आणि ज्यांना हरवायचं होतं ते मतदार यादीच्या बाहेर.

ही मजुरी शेवटी कायद्याने बंद झाली ती एप्रिल १९४६ मध्ये, आणि तो कायदा आणला आयव्हरी कोस्टच्या खासदाराने, फेलिक्स उफुए-ब्वान्यीने. आता हे बघा, हा उफुए डकारच्या त्याच मेडिकल शाळेत शिकलेला, जी दियानच्या १९१८ च्या वायद्यातून उभी राहिली होती. हे श्रेय दियानचं आहे आणि ते दिलंच पाहिजे. पण उफुए स्वतः त्या सक्तीच्या मजुरीच्या मुलखातून निवडून आला होता, कोको-कॉफीच्या मळेवाल्या आफ्रिकन शेतकऱ्यांची संघटना करून, ज्यांचे मजूर पळवून फ्रेंच मळ्यांवर नेले जात होते. दुसऱ्या महायुद्धानंतर वेशीबाहेरच्यांना थोडंफार मत मिळालं आणि त्यांचे खासदार पॅरिसला पोचल्यावर सहा महिन्यांच्या आत मजुरी गेली. पुढच्याच महिन्यात सेनेगलचे खासदार लामीन गेय यांच्या कायद्याने वसाहतींतल्या सगळ्यांना नागरिक म्हटलं गेलं. तेही नागरिकत्व कागदावर अर्धवट होतं, दोन वेगळ्या मतदार याद्या वगैरे, पण दिशा बदलली. जे दियानला वीस वर्षांत सुचलं नाही किंवा जमलं नाही ते मजुरीवाल्यांच्या प्रतिनिधींनी सहा महिन्यांत केलं. याला मी योगायोग म्हणायला तयार नाही.

सैनिकांचा हिशेब मात्र चुकता झालाच नाही. १ डिसेंबर १९४४ ला डकारजवळ तियारोयच्या छावणीत, जर्मन कैदेतून सुटून आलेले आफ्रिकन सैनिक थकलेला पगार मागत होते, त्यांच्यावर फ्रेंच सैन्याने गोळ्या चालवल्या. तेव्हाचा सरकारी आकडा पस्तीस, खरा किती यावर अजून वाद चालू आहे. मग १९५९ च्या शेवटी फ्रान्सने वसाहतींतल्या माजी सैनिकांच्या पेन्शनी गोठवल्या, फ्रेंच सैनिकाची वाढत गेली आणि यांची तिथेच थांबली, कित्येक दशकं.

सेनेगलमध्ये तियोवोर नावाच्या गावात अब्दुलाय एनजाय राहायचे. पहिल्या महायुद्धातल्या पश्चिम आफ्रिकन सैनिकांपैकी शेवटचे, दियानच्या भरतीच्याही आधी गेलेले, गोळ्या खाऊन परत आलेले. युद्ध संपल्याला ऐंशी वर्षं झाली तेव्हा, १९९८ मध्ये, फ्रान्सला त्यांची आठवण झाली आणि लेजियन ऑफ ऑनर द्यायचं ठरलं, जो दियानने १९१८ मध्ये नाकारला होता तोच. ११ नोव्हेंबर ही तारीख ठरली होती. १० नोव्हेंबरला ते वारले, वय १०४.